गळती आणि परराष्ट्र धोरण

परवाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी गच्चीच्या गळतीविषयी एक साधा प्रश्न विचारला. सेक्रेटरीसाहेबांनी चष्मा काढला, सावकाश पुसला आणि माझ्याकडे न पाहता सभेला उद्देशून म्हणाले, "चौथ्या मजल्याची अडचण ती सगळ्या सोसायटीची अडचण, पण सोसायटीच्या अडचणी मात्र चौथ्या मजल्याच्या नव्हेत, ही वृत्ती आता सोडावी लागेल." मागून टाळ्या पडल्या. "अहो, पण पाणी माझ्या देवघरात पडतंय," मी म्हणालो. त्यावर ते तितक्याच थंडपणे उत्तरले, "गच्चीतून महिनाभरात जेवढं झिरपतं, त्याहून जास्त पाणी तुमच्या नळातून एका दुपारी वाहून जातं." माझा नळ कधीच वाहत नसतो, पण हे सांगेपर्यंत सभा पुढच्या विषयावर गेली होती.

दोन्ही वाक्ये उसनी होती. पहिले परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी जून 2022 मध्ये स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा येथे युरोपला उद्देशून उच्चारले (चौथ्या मजल्याच्या जागी युरोप, सोसायटीच्या जागी जग), तेही युक्रेनबाबत तुम्ही साथ दिली नाही तर उद्या चीनशी बिनसल्यावर तुमच्या मदतीला कोण येईल, या खोचक प्रश्नावर. दुसरे त्याच वर्षीच्या एप्रिलमधले, वॉशिंग्टनच्या पत्रकार परिषदेतले: युक्रेन युद्ध चालू असताना रशियन तेल घेण्याबद्दल विचारताच त्यांनी सांगितले की भारताची महिन्याची खरेदी युरोपच्या एका दुपारच्या खरेदीपेक्षाही कमी असेल. दोन देशांच्या बैठकांनंतरची लिखित निवेदने 'भागीदारी' आणि 'सहकार्य' यांनी इतकी गुळगुळीत असतात की ती वाचून कोणाचीही झोप उडत नाही. धार येते ती प्रश्नातल्या आरोपामुळे, कारण उत्तर समोरच्या वार्ताहराला दिले जात असले तरी ते ऐकायला घरचा मतदार बसलेला असतो. आणि ती धार एकदा लोकांच्या पसंतीस उतरली की पुढचा प्रश्न निरुपद्रवी असला तरी ती म्यान होत नाही.

माझा खरा राग अशा उत्तरांचे व्हिडिओ कापून पसरवणाऱ्यांवर आहे. ते प्रश्न अर्धवट ठेवतात, विचारणाऱ्याला मूर्ख ठरवतात आणि उत्तराखाली ढोल वाजवतात. वास्तविक तेलाचा प्रश्न अगदी रास्त होता: त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत रशिया भारताचा सर्वांत मोठा तेलपुरवठादार झाला आणि 'एका दुपारचा' तो हिशेब नव्याने मांडण्याची वेळ आली. तो मात्र कोणी फॉरवर्ड केला नाही.