ते वाक्य सॉक्रेटिसचं नाही

‘आजची मुलं ऐषारामी झालीत, थोरांसमोर पायावर पाय टाकून बसतात, शिक्षकांना जुमानत नाहीत. – सॉक्रेटिस’ हा मजकूर सध्या फिरतोय. शाळेत ग्रीक तत्त्वज्ञांची ओळख करून देतानाही तो हमखास वापरला जातो. म्हणून हा खुलासा.

सॉक्रेटिसने स्वतः एक ओळही लिहिली नाही. तो आपल्याला कळतो तो मुख्यतः प्लेटो आणि झेनोफन या त्याच्या शिष्यांच्या लेखनातून, आणि तिथे हे वाक्य नाही. ते आलं केनेथ जॉन फ्रीमन या केंब्रिजच्या अभ्यासकाच्या, 1907 साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधातून. ग्रीकांच्या जुन्या तक्रारींचा तो त्याने स्वतःच्या शब्दांत केलेला गोषवारा होता. पुढे कुणीतरी त्याला सॉक्रेटिसचं नाव चिकटवलं.

गंमत पाहा. पायावर पाय टाकण्याची तक्रार ग्रीक विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिसच्या ‘मेघ’ या नाटकात (इ.स.पू. 423) खरंच आहे, पण त्या नाटकात पोरं बिघडवणारा म्हणून खिल्ली उडवलीय ती सॉक्रेटिसचीच! इ.स.पू. 399 मध्ये त्याला विषाचा प्याला मिळाला, त्यातला एक आरोपही हाच: तरुणांना बिघडवतो. वर्गात सांगायचंच असेल तर हे सांगा. मुलं कान टवकारतील.