दुकानदाराची वही उघडू नका

ग्रामीण ग्राहकांवरच्या शोधनिबंधाचा विषय शोधायला बाजारात जाऊ नका, तो जर्नलमध्ये तयार मिळतो. नावाजलेलं मॉडेल उचला, शीर्षकाला ‘विशेष संदर्भ : लातूर जिल्हा’ अशी शेपटी लावा, संशोधन प्रादेशिक झालं. सेवेचा दर्जा मोजणारी सर्व्हक्वाल ही प्रश्नावली उत्तम. १९८८ साली अमेरिकेतल्या बँका, क्रेडिट कार्ड, दुरुस्ती सेवा असल्या धंद्यांच्या ग्राहकांवर पारखलेली ती २२ विधानं खेड्यातल्या किराणा दुकानाला जशीच्या तशी लावा. ‘कर्मचाऱ्यांचा पोशाख नीटनेटका असतो.’ कर्मचारी म्हणजे गल्ल्यावर बनियनवर बसलेले मालक, पण परीक्षक थोडेच तिथे जाणार आहेत?

नमुना ३८४. किती लोकसंख्येला किती माणसं विचारायची, हे सांगणाऱ्या क्रेजसी-मॉर्गनच्या १९७०च्या तक्त्यात दहा लाखांसमोर हाच आकडा आहे. तो यादृच्छिक निवडीसाठी आहे, हे मनातच ठेवा आणि फॉर्म एसटी स्टँडच्या सावलीत भरून घ्या. एका गल्लीतली दहा घरं एकाच दुकानातून माल भरतात, म्हणजे दहा फॉर्ममध्ये माहिती दहा माणसांची नसते. असल्या शंका मार्गदर्शकांसमोर काढू नयेत.

सर्वेक्षण मे महिन्यात करा, कॉलेजला सुट्टी असते. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास येऊन केव्हाच संपलेले असतात, बी-खताची जुळवाजुळव चाललेली असते. ‘ग्रामीण ग्राहक किमतीबाबत संवेदनशील’ हा निष्कर्ष आपोआप हाती येतो.

खरा धोका उधारीचा. बाई वर्षानुवर्षं एकच साबण नेते, कारण वहीवर तोच मिळतो. दुकानदार तोच ठेवतो, कारण त्याला घाऊकवाला त्याच मालावर मुदत देतो. जर्नलच्या मॉडेलमध्ये या साखळीला चौकट नाही. तेव्हा वही उघडू नका, ‘ब्रँडनिष्ठा : उच्च’ लिहून मोकळे व्हा. फॉर्म शक्यतो नवऱ्याकडून भरून घ्या, म्हणजे साबण कोण आणतं हा प्रश्नच उरत नाही.

क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, ०.७च्या वर हवा. एकच विधान तीन तऱ्हांनी विचारा. भिडस्त माणूस तिन्हींना ‘सहमत’ म्हणतो, अल्फा टुणकन वर जातो. उलट अर्थाची विधानं तेवढी काढून टाका, ती उगाच भिडेखातर दिलेली उत्तरं उघडी पाडतात.

स्वीकृतिपत्र आलं की जर्नलच्या यादीची तारखेसह छापील प्रत त्याच दिवशी काढा. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ जर्नलं एका फटक्यात वगळली, २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची नवी यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही गुंडाळली. शोधनिबंधाची प्रत दुकानदाराला मात्र देऊ नका. तो पोशाखाचा तक्ता बघेल आणि चहाचे पैसे मागेल.