सील म्हणे "गळून पडलं"

"साहेब, खड्डे किती आहेत, सील गळून पडलं असेल हो," ड्रायव्हर म्हणतो. स्पीड गव्हर्नरचं, म्हणजे गाडीचा वेग ठरावीक आकड्यावर रोखणाऱ्या यंत्राचं सील. असेल ना! शिशाचं सील, पिळलेली तार, आणि ती तार कापलेली कशी दिसते हे मला कळत नाही असं वाटतं का यांना? हातात पक्कड घेतलेला खड्डा मी तरी अजून पाहिलेला नाही.

कंपनीची गाडी, कंपनीनंच बसवलेला स्पीड गव्हर्नर, 80 वर सेट केलेला. आणि जीपीएसवर गाडी 97 ला. विचारलं तर, "सॅटेलाइटचं काही खरं नसतं साहेब." बरं. उघडला बॉक्स. पेडलकडून येणारी वायर गव्हर्नरला वळसा घालून थेट ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, वर काळी टेप, एकदम नेटकी. काम इतकं सुबक की तो वायरमन सापडला तर मी त्याला नोकरीवर ठेवीन. आमच्या वर्कशॉपात साधा इंडिकेटर लागायला आठवडा जातो. बॉक्स खडखडू नये म्हणून फटीत कागदाची घडी कोंबलेली. ओढून काढली, उलगडली. माझंच परिपत्रक! "वेगमर्यादक यंत्राशी छेडछाड केल्यास कडक कारवाई" ठळक अक्षरांत, खाली माझी झोकदार सही. ओरडायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. त्या कागदाचा कुणी काही उपयोग केल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि खरं सांगायचं तर बसलाही घट्ट होता.

हा निदान उघड तरी. पल्सवाले त्याहून बिलंदर. पल्स म्हणजे गाडीचा वेग कळवणारे विजेचे ठोके. गिअरबॉक्सवरच्या सेन्सरच्या वायरीत एक चिमुकलं सर्किट घालायचं, ते पल्स निम्म्या करतं. गाडी 100 ला, गव्हर्नर बिचारा समजतो 50. पण अरे शहाण्यांनो, किलोमीटरही त्याच पल्सवर मोजले जातात! मीटर निम्मं पळतं, डिझेल मात्र पुरेपूर जळतं, ॲव्हरेज धाडकन खाली. मग वरून मला फोन, "डिझेलचोरी चाललीय का तुमच्याकडे?" ऑइल बदलायची तारीखही हुकते, कारण मीटरच्या मते गाडी जेमतेम हललीय. सेन्सरला चुंबक चिकटवणारे तर संतपदाला पोचलेले. गाडी हायवेवर सुसाट, नोंदीत मात्र उभी.

आणि हे सगळं कशासाठी? 100 किलोमीटर 80 ऐवजी 100 नं गेलात तर वाचतात 15 मिनिटं. पंधरा! पुढे माल उतरवायच्या रांगेत अर्धा दिवस मोबाईल बघत बसायचंच आहे. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायचं अंतर मात्र वेगाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे दीडपटीच्याही वर. हे मी फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. मागून एकच शंका आली, "साहेब, जेवणाची सुट्टी कधी?"

निघालंच आहे तर सगळंच काढतो. सीटबेल्टची टुकटुक नको म्हणून नुसतं बक्कल खोचून ठेवणारे. रिव्हर्स हॉर्ननं "डोकं उठतं" म्हणून वायर उपटणारे. आणि गाडीच्या मागे "वेगात चालवत असल्यास कळवा" लिहिलंय, त्यातल्या नंबरचा शेवटचा आकडा खरवडणारा तो महाभाग. त्याला मी शोधतोय. रिटायर व्हायच्या आत सापडायला हवा.

ड्रायव्हरांची एक तक्रार मला मान्य आहे. लोडची गाडी, ओव्हरटेक अर्ध्यात, आणि नेमका तिथेच गव्हर्नर गळा धरतो, तेव्हा घाम फुटतो माणसाला. पण मग आमच्या डिस्पॅचच्या हुशारांचं काय? 80 च्या वर जाऊच न शकणाऱ्या गाडीला ताशी 85 ची सरासरी धरून वेळापत्रक देतात! उशीर झाला की ड्रायव्हरचा भत्ता कापायचा, लवकर पोचला की ग्रुपवर अंगठा. कसा पोचला, हे एकानंही विचारायचं नाही. सील तुटलं की मेमो ड्रायव्हरला, चौकशी माझी, आणि वेळापत्रक बनवणारा त्याच मीटिंगमध्ये मान हलवत "सुरक्षितता सर्वप्रथम" म्हणतो. तेव्हा माझं बीपी किती होतं ते डॉक्टरला विचारा.

आत्ता त्याचाच फोन होता. "गव्हर्नरचं नंतर बघू हो, आधी लोड जाऊ दे." किल्ली माझ्या खिशात आहे आणि फोन सायलेंटवर. बस म्हणावं बोंबलत.