जड सामान आपल्या वजनाने जागेवर राहत नाही

गणपतीला गावी निघणाऱ्यांसाठी गाडीत सामान भरण्याच्या युक्त्या सांगणारा एक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर घरोघरी फिरतो आहे. माझ्या धाकट्या भावाने तो प्रमाण मानला आणि मुंबईहून कणकवलीला जाताना आई व दोन मुले ज्या सीटवर बसणार, तिच्या मागे तांदळाचा डबा, मिक्सर आणि पितळी समया थेट काचेपर्यंत रचल्या. त्यामुळे या संदेशाला उत्तर देणे भाग आहे.

त्यातला सर्वांत घातक दावा असा की जड वस्तू बांधावी लागत नाही, ती आपल्या वजनानेच जागेवर राहते. वस्तूला धरून ठेवते ते तिच्या तळाशी होणारे घर्षण. वजन वाढले की घर्षण वाढते हे खरे, परंतु ब्रेक लागल्यावर तिला थांबवण्यासाठी लागणारे बलही नेमके त्याच प्रमाणात वाढते. म्हणून डिकीत शेजारी ठेवलेले रिकामा आणि भरलेला असे दोन्ही डबे साधारण एकाच वेळी सरकू लागतात. वजनाचा परिणाम दिसतो तो आदळताना. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली असे धरले, तर तिच्यासोबत थांबणाऱ्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे २० पट बल यावे लागते, म्हणजे १० किलोच्या डब्यासाठी २०० किलोच्या भाराइतके. मोकळा डबा तर गाडीबरोबर थांबतही नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो, आणि हा वेग जवळपास १० मीटर उंचीवरून खाली पडणाऱ्या वस्तूचा असतो.

‘मागची सीट सामान अडवते’ हे त्या संदेशातले वाक्य अर्धे खरे आहे, एवढे मान्य करावे लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम क्रमांक १७ मध्ये सीटच्या पाठीची यासाठीच चाचणी सांगितलेली आहे: डिकीच्या तळावर प्रत्येकी १८ किलोचे दोन ठोकळे ठेवून गाडीला ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाच्या धडकेसारखा झटका देतात. म्हणजे ही पाठ तपासली जाते ती एकूण ३६ किलोंसाठी, आणि तेही तळावर ठेवलेल्या सामानासाठी. पाठीच्या वर रचलेल्या समईला ती कशी अडवणार? मागच्या काचेखालच्या फळीवरही काही ठेवू नये, छत्रीसुद्धा नाही. जड डबा डिकीच्या तळाशी, सीटच्या पाठीला अगदी टेकवून ठेवावा आणि तळाच्या कड्यांमधून पट्टा ओवून तो आवळावा. मागे कोणी बसणार नसेल, तर तिथले सीटबेल्ट रिकामेच लावून ठेवावेत. त्यांनी पाठीला थोडा आधार मिळतो.

पेणहून मूर्ती नेताना ती पुढच्या सीटवर मांडीवर घ्यावी, हा सल्ला भक्तिभावाने दिलेला असला तरी भयंकर आहे. समोरची एअरबॅग सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते. तिच्यात आणि छातीत शाडूची मूर्ती असेल, तर जिने छाती वाचवायची तीच एअरबॅग मूर्ती छातीवर आदळवेल. मूर्ती चादरीत गुंडाळून खोक्यात बसवावी, खोके पुढच्या सीटच्या मागे पायाशी ठेवावे आणि पुढची सीट मागे सरकवून ते अलगद दाबून धरावे.

‘आत जागा हवी तर जड ते टपावर’ हेही चूकच. टपावर किती वजन चालते ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक लहान गाड्यांत ते ५० किलोंच्या आसपास असते आणि त्यात बहुधा कॅरियरचे वजनही धरलेले असते. परशुराम घाटातल्या वळणांवर वरचे वजन गाडीला बाहेरच्या बाजूला कलवते, म्हणून टपावर फक्त हलके सामान ठेवावे. खासगी गाडीला सामानाचे नियम नसतात हे तर साफ खोटे आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) मध्ये मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या सामानासाठी २०,००० रुपये दंड आहे, सामान उतरवण्याचा खर्च वेगळा.

राहिला टायरमधली हवा कमी करण्याचा सल्ला. टायर तापला की आतला दाब वाढतो, हे खरे आहे. परंतु हवा कमी असलेला टायर भाराखाली अधिक दबतो, प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतो आणि त्यामुळेच अधिक तापून फुटतो. भरलेल्या गाडीसाठीचा दाब बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर वेगळा छापलेला असतो आणि तो सहसा नेहमीपेक्षा जास्तच असतो. तेवढी हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना भरावी.