बसलेला बैल

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेत तिसरीची मुलं मातीचे बैल करत होती. छात्रसेवाकालासाठी, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावासाठी, आलेली बी.एड.ची एक मुलगी त्या तासाला माझ्यासोबत होती. तळमळीची पोरगी, पाठाचं टाचण एकदम नीटनेटकं. एका पोरानं बैल बसलेला केला होता. ती म्हणाली, "अरे, पोळ्याचा बैल बसलेला असतो का? उभा कर." पोरगं मान खाली घालून गप्प. मी जवळ जाऊन विचारलं तेव्हा म्हणालं, "बाई, उभा केला की पाय दबत्यात. म्हून बसवला."

केवढी अक्कल आहे यात! पोटाचं वजन, मातीचा ओलावा, पायांची जाडी, सगळा हिशेब त्यानं बोटांनी केला होता. तिला तो दिसला नाही, कारण तिनं जन्मात कधी मातीचा बैल केलाच नव्हता.

मधल्या सुट्टीत मी तिच्या हातात गोळा दिला. पहिले दोन बैल पोटावर आपटले. तिसऱ्याचे पाय तिनं आखूड आणि जाड केले, तेव्हा कुठे तो उभा राहिला. सुट्टी संपल्यावर ती आपणहून त्या पोराशेजारी मांडी घालून बसली आणि विचारू लागली, "तू आधी पोट केलंस की पाय?"

शिक्षक घडवताना कला कशाला, असं कुणी विचारलं की मला तिचा हा प्रश्न आठवतो. असा प्रश्न माती हाताला लागल्याशिवाय सुचत नाही. देवीप्रसाद शांतिनिकेतनात शिकून १९४४ साली सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या, म्हणजे हातकामातून शिकवणाऱ्या शाळेतल्या, मुलांना कला शिकवायला आले. ते चित्रकार होते आणि कुंभारकामही करायचे. मुलांना शिकवणाऱ्याचे हात स्वतः मातीत असणं ही आपल्या वर्धा जिल्ह्यातली जुनी गोष्ट आहे.

कागदावर आज सगळं आहे. शिक्षक-शिक्षणाच्या २०१४ च्या नियमावलीनं बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात नाट्य आणि कलेचा स्वतंत्र भाग आला. २०२० चं शैक्षणिक धोरणही कलेची सांगड सगळ्या विषयांशी घालायला सांगतं. पण आमच्याकडे आलेल्या बी.एड.च्या मुलींच्या फायली मी चाळल्या तेव्हा दोघींच्या फायलींतली वारली चित्रं एकाच हातची निघाली. विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, फाईल जमा करायची होती, प्रत्यक्ष तास झालाच नाही." मला त्यांचा राग आला नाही. फार वाईट वाटलं.

नोकरीच्या वाटेवरही कलेला कुणी विचारत नाही. टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, बालमानसशास्त्र आहे, भाषा, गणित, परिसर आहे; गाणं, चित्र, नाटक यांचा पेपर नाही. कला शिकवायला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, द्यायचा तो शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीला, तोही पट शंभराच्या वर असेल तर. मग वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत चित्रकलेचे गुरुजी कोण? तेच, जे गणिताचे आणि खिचडीचे.

आवाजाचंही तसंच. सराव पाठात कविता वाचली जाते ती सूचना वाचल्यासारखी, एका पट्टीत. फलकलेखन, उद्दिष्टं, प्रश्नांची संख्या, सगळ्याला गुण मिळतात. शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या अंगावर काटा आला का, हे पाहायला निरीक्षण तक्त्यात रकानाच नाही. छात्राध्यापकाला महिनाभर रोज पंधरा मिनिटं उभं राहून मोठ्यानं बोलायला लावा, एखादं भारूड म्हणायला लावा, चुकू द्या. त्याचा घसा मोकळा होईल आणि फळ्याकडे तोंड करून शिकवण्याची सवयही सुटेल, हे मी माझ्या हाताखाली आलेल्या मुलांत पाहिलं आहे.

हे मी ज्यांना पाठवते त्या यादीत अध्यापक महाविद्यालयातले बरेच जण आहेत, म्हणून थेट सांगते. वेळ नाही हे मला मान्य नाही. आठवड्यातली एक दुपार द्या, फाईल न मागता. तुमच्या छात्राध्यापकांना आमच्याकडे पाठवलंत तरी चालेल. पोळ्याची माती उरली आहे, ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवली आहे.