सही झाल्यानंतरची पंधरा वर्षं

औषधांच्या चाचण्यांचा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आमच्या माणसांवर प्रयोग नकोत.’ या रागाला आधार आहे. गरीब पेशंटना नीट न सांगता चाचण्यांत ओढल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. 2013 साली न्यायालयाने सरकारला फैलावर घेतलं आणि 2019 साली नवे नियम आले. संमती आणि नुकसानभरपाईवरून झालेली ती भांडणं व्हायलाच हवी होती. पण इंग्लंडमध्ये राहून मला सारखं जाणवतं, की आपला वाद संमतीपत्रावरच्या सहीच्या दिवसापाशीच थांबतो. त्या माणसाचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही.

सांगलीच्या माझ्या मामांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही सुरुवातीचा. ऑपरेशन करावं का, असं त्यांनी फोनवर विचारलं, तेव्हा मी इथल्या ‘प्रोटेक्ट’ संशोधनाचे आकडे काढून बसलो. 1999 ते 2009 या काळात ब्रिटनमधल्या नऊ केंद्रांवर असा, न पसरलेला कॅन्सर सापडलेल्या 1643 पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी केली: ऑपरेशन, रेडिएशन, किंवा लगेच काही न करता नियमित तपासण्या. 2023 मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब छापून आला. या कॅन्सरने दगावले ते तिन्ही गटांत मिळून 45 जण, आणि त्या बाबतीत गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. नुसत्या तपासण्यांवर असलेल्यांत कॅन्सर पसरण्याचं प्रमाण मात्र 9.4 टक्के, इतर दोन गटांत पाचच्या आसपास. उलट ऑपरेशन झालेल्यांपैकी साधारण चौघांतला एक जण बाराव्या वर्षीही लघवी गळते म्हणून पॅड वापरत होता.

पॅडचा हा आकडा ओपीडीत मिळत नाही. ‘कसं वाटतंय?’ ‘बरं आहे.’ तेवढ्यात पुढचा नंबर पुकारतात, आणि दारात चार माणसं उभी असताना कोण सांगणार? तो मिळाला वर्षानुवर्षं भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांतून. पॅड लागतात का, शरीरसंबंध जमतात का, असले प्रश्न माणूस घरी निवांत बसून, कुणासमोर न लाजता सोडवतो. पंधरा वर्षांनंतर 1643 पैकी 1610 जणांची माहिती हाती होती. इथे सगळ्या दवाखान्यांत एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, एकच नंबर चालतो, त्यामुळे माणूस गाव बदलला तरी हरवत नाही. आपल्याकडे पेशंटचा सगळा इतिहास त्याच्याच प्लास्टिकच्या पिशवीत असतो: रिपोर्ट, फिल्मा, डिस्चार्ज कार्ड. तो यायचा बंद झाला की बरा झाला असेल, असं धरून चालायचं!

पैसा नाही, लोकसंख्या अफाट, ही उत्तरं मला पटत नाहीत, कारण मुंबईने हे करून दाखवलंय. टाटा मेमोरियलने 1998 पासून झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखाहून जास्त बायकांचा वीस वर्षं माग ठेवला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करायच्या, आणि चार फेऱ्या संपल्यावरही पुढची कित्येक वर्षं त्याच वस्त्यांत विचारपूस करायला जात राहिल्या. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले, त्याखालच्या वयात फरक पडला नाही. तुलनेसाठी निवडलेल्या निम्म्या बायकांना ही तपासणी मिळालीच नाही. अशा रचनेवर टीका झाली आहे आणि ती मला गंभीर वाटते. पण उत्तर मिळालं ते वीस वर्षं पाठ न सोडल्यामुळेच.

इथलं सगळंच अनुकरणीय आहे असंही नाही. ‘प्रोटेक्ट’च्या नऊ केंद्रांत लेस्टर होतं, जिथे आपले लोक इतके आहेत, तरी संशोधनातले पुरुष जवळजवळ सगळे गोरे होते. म्हणजे मामांना मी जे आकडे वाचून दाखवले ते त्यांच्यासारख्यांचे नव्हतेच. सांगली-मिरजेत ऑपरेशन झालेल्या पुरुषांचे पंधरा वर्षांनंतरचे आकडे त्यांना हवे होते, आणि ते मी कुठून आणणार?

म्हणून यापुढे संमतीपत्र समोर येईल तेव्हा ‘धोका काय’ याच्या जोडीने आपण हेही विचारायला हवं: किती वर्षं आमच्याशी संपर्क ठेवाल, त्यासाठी पैसे आणि माणसं बाजूला ठेवली आहेत का, आणि जे निघेल ते आम्हाला मराठीत कळवाल का? उत्तर कागदावर येईपर्यंत सही थांबवली तरी चालेल.