‘दोन शहरांत दोन सर्व्हर ठेवले की झालं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

क्लस्टरिंगच्या (अनेक सर्व्हर जोडून एकासारखे चालवण्याच्या) संज्ञांवरील माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की हाय अव्हेलेबिलिटी, डिझास्टर रिकव्हरी आणि डिझास्टर टॉलरन्स ही विक्रेत्यांनी एकाच मालाला चिकटवलेली तीन लेबलं आहेत. ‘दोन शहरांत दोन सर्व्हर, मध्ये रेप्लिकेशन, एक पडला की दुसरा आपोआप उभा राहतो. क्वोरम, तिसरी साइट हे सगळे चोचले.’ (रेप्लिकेशन म्हणजे डेटाची प्रत सतत दुसरीकडे पाठवत राहणं; क्वोरम म्हणजे चालू राहायला लागणारं बहुमत.) विक्रेत्यांवरचा तुमचा राग मला मान्य आहे. ९९.९९९ टक्के म्हणजे वर्षभरात जेमतेम सव्वापाच मिनिटं बंद, असं ते ठणकावून सांगतात, आणि ठरवून घेतलेली देखभाल त्यातून वगळल्याचं बारीक अक्षरांत छापतात. बाकीचं मात्र पटत नाही.

गाडी अडते ती ‘आपोआप’पाशी. अ आणि ब अशा दोन साइट धरा. अ-कडून येणारे हार्टबीट, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ असे ठरावीक अंतराने येणारे संदेश, थांबले. ब-ला एवढंच कळतं की उत्तर येत नाहीये. अ जळून खाक झाली असेल, कामाच्या ओझ्याखाली रेंगाळत असेल, किंवा अ ठणठणीत असून मधली फायबर तुटली असेल. ब-च्या जागेवरून तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. टाइमआउट वाढवून बघा; पाच मिनिटं थांबलात तरी ब-च्या ज्ञानात भर पडत नाही. अशा वेळी ब प्रायमरी (लिखाण स्वीकारणारी मुख्य साइट) झाली आणि अ जिवंत निघाली, तर दोन्हीकडे लिहिणं सुरू होतं. हाच स्प्लिट-ब्रेन. एकाच क्रमांकाच्या दोन वेगळ्या ऑर्डरी, एकाच खात्याच्या दोन शिलका. त्या जुळवणारी स्क्रिप्ट कुणाकडे तयार नसते. माणसं बसतात आणि ओळीमागून ओळ तपासतात.

म्हणून मतं मोजायची. तीनपैकी दोन मतं ज्या बाजूला, तिने चालू राहायचं. एकट्या पडलेल्या बाजूने थांबायचं. मतं दोनच असतील तर बहुमत म्हणजे दोन्ही, आणि मग एक साइट गेली की उरलेलीही मुकाट थांबणार. तिसरं मत लागतं ते या हिशेबामुळे. तुम्हाला ही क्लाउडवाल्यांची नवी टूम वाटत असेल, तर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या व्हॅक्सक्लस्टर या जोडसंगणकांमध्ये १९८०च्या दशकातच मतं होती, क्वोरम होता आणि दोन नोडवाल्यांसाठी (नोड म्हणजे क्लस्टरमधलं एक यंत्र) तिसरं मत देणारी क्वोरम डिस्कही होती.

अल्पमतातला नोड शहाण्यासारखा थांबेल यावरही विसंबता येत नाही. तो काही सेकंद गोठला, मधल्या काळात दुसरा प्रायमरी झाला आणि हा जागा होऊन अर्धवट राहिलेलं लिखाण पुरं करू लागला, तर क्वोरम असूनही डेटा बिघडेल. त्याची वीज तोडायची किंवा डिस्कवरचा त्याचा हक्क काढून घ्यायचा, याला फेन्सिंग म्हणतात. लिनक्सवाले यालाच ‘स्टोनिथ’ म्हणतात. त्याचं पूर्ण रूप ‘दुसऱ्या नोडच्या डोक्यात गोळी घाला’ असं आहे. (या मंडळींना नावं ठेवायला सांगू नये.)

आता रेप्लिकेशन. कोण जिवंत आहे हा एक प्रश्न, आणि शेवटचा व्यवहार कुठवर पोचला हा दुसरा. तुमच्या एका वाक्यात दोन्हींची सरमिसळ झाली आहे. २१ ऑक्टोबर २०१८ला गिटहबचं, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या संकेतस्थळाचं, काय झालं ते बघा. देखभालीच्या कामात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्यांच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. उरलेल्या नोडनी रीतसर बहुमत जमवलं आणि डेटाबेसचे प्रायमरी पश्चिम किनाऱ्यावर हलवले. मतमोजणी चोख झाली. पण तुटण्याआधीच्या काही क्षणांतलं लिखाण पश्चिमेला पोचलेलंच नव्हतं, आणि पश्चिमेने नवं लिखाण स्वीकारायला सुरुवात केली होती. पूर्वेला परतायची वाट बंद झाली. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली, कारण त्यांनी वेगापेक्षा डेटा महत्त्वाचा मानला. योग्यच केलं असं माझं मत.

असं न पोचलेलं लिखाण किती चालेल याची ठरवलेली मर्यादा म्हणजे आरपीओ (रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह): किती डेटा गमावणं चालेल. पुन्हा सुरू व्हायला किती वेळ चालेल, तो आरटीओ (रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह). आरपीओ शून्य हवा तर रेप्लिकेशन सिंक्रोनस हवं, म्हणजे पलीकडून पोच आल्याशिवाय व्यवहार पक्का होत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे दर १०० किलोमीटर अंतरामागे जाऊन-येऊन १ मिलिसेकंद धरा. साइट ५०० किलोमीटर दूर नेलीत की व्यवहार पक्का करणाऱ्या प्रत्येक कमिटला किमान ५ मिलिसेकंद मोजायचे. अंतर वाढवावं तर व्यवहार मंदावतात, कमी करावं तर एकच पूर दोन्ही साइट बुडवतो. आता तुमची ती तीन लेबलं. हाय अव्हेलेबिलिटीत एखादा सर्व्हर वा डिस्क जाण्याची तजवीज असते, आणि बहुधा एकाच इमारतीत. डिझास्टर रिकव्हरीत साइट गेल्यावर ती दुसरीकडे उभारायची, थोडा वेळ आणि थोडा डेटा गमावून. डिझास्टर टॉलरन्समध्ये साइट गेली तरी काम चालूच राहायला हवं. तिघांचा खर्च वेगळा, आणि फसण्याची रीतही. बॅकअपची जागा रेप्लिकेशन घेऊ शकत नाही; चुकून केलेलं डिलीटही ते तितक्याच इमानाने पलीकडे पोचवतं.

राहिला तिसऱ्या साइटचा खर्च. तिथे डेटा ठेवायचाच नाहीये. मत देण्यापुरतं छोटंसं व्हर्च्युअल मशीन विटनेस म्हणून पुरतं. ते अ किंवा ब-च्याच इमारतीत मात्र ठेवू नका, नाहीतर ती इमारत दोन मतं घेऊन जाईल. आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा अ-ब जोडणाऱ्या फायबरवरूनच जात नाहीत ना, हे नेटवर्कवाल्यांकडून नकाशावर बघून घ्या.